मडगार्ड घेऊन पोंभुर्ण्याकडे

बाबांनी माळ्यावरून पोत्यात गुंडाळलेले मडगार्ड काढून माझ्यासमोर ठेवले, तेव्हाच मी समजलो की उद्या मला निघायचंय. "देवरावले दे अन् ये," ते म्हणाले. "सोबत आला तं आन. पण आपल्याकडून काई बोलू नोको."

वर्ष चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी, यावर ताईचं आणि माझं अजून भांडण आहे. गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला होता, एवढं नक्की. चामोर्शीपासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये आमचं गाव. रोवणे, म्हणजे भातलावणी, आटोपले होते. मी कॉलेजात गटांगळी खाऊन घरी बसलेला, म्हणजे कोणत्याही कामाला हक्काचा माणूस. शकुनताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, गोरीपान, आवाजाला खणखणीत. निरोप गेला, पेढे गेले. पण मुलीच्या बापाचा, देवरावभाऊजींचा, पत्ता नाही. परवा संध्याकाळी बारसं. बाप आला नाही तर गाव काय बोलेल, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. ती बाळाच्या लंगोट्यांच्या घड्या घालत होती आणि घातलेल्या मोडून पुन्हा घालत होती.

आता मडगार्डचं रामायण सांगितलंच पाहिजे, त्याशिवाय हा प्रवास कळायचा नाही.

आमच्याकडची माती कन्हार. काळी, चिकट. पावसाळ्यात ती चाकाला धरते, चाक आणि मडगार्डच्या फटीत ठासून बसते आणि सायकल जागची हलत नाही. म्हणून आमच्या गावात नवी सायकल आली की आधी मडगार्ड काढायचे, मग हळदकुंकू. ताईच्या लग्नात जावयाला सायकल द्यायची ठरली होती. (लग्नात सायकल, घड्याळ, रेडिओ द्यायच्या त्या रीतीला माझा आजही लांबूनच नमस्कार.) बाबांनी सायकल आणली आणि त्याच दिवशी स्वतः पाना घेऊन मडगार्ड उतरवले. जावयाला तयार सायकल देतोय, याच आनंदात होते बिचारे.

पण जावयाचं गाव नदीपलीकडे, पोंभुर्ण्याजवळ, मुरमाच्या रस्त्यावर. तिथे बिनमडगार्डची सायकल म्हणजे अर्धवट दिलेली वस्तू. भर मांडवात देवरावभाऊजींचे काका ओरडले, "सासऱ्यानं मडगाड विकून खाल्ले काय गा?" सगळी वरात हसली. बाबांनी एका वाक्यात खुलासा केला असता तर विषय तिथेच मिटला असता. पण त्यांना ते वाक्य इतकं लागलं की त्यांनी वरणाची बादली उचलली आणि पंगतीत वाढत सुटले. त्यानंतर ते कधी ताईच्या घरी गेले नाहीत, आणि भाऊजी आमच्याकडे आले नाहीत. दोन चांगली माणसं, मध्ये दोन पत्रे.

सकाळी निघालो. कॅरिअरवर मडगार्ड बांधलेले, खिशात पाना. चार दिवस उघाड होती, त्यामुळे वाट बरी होती. वैनगंगेच्या घाटावर सोमाजी नावाडी भेटले. पाणी अजून गढूळ होतं, पण नाव चालू होती. माणसाचा एक रुपया, सायकलचाही एक. "सायकलीचे काऊन?" मी विचारलं. "तिले पोहता येत नाई म्हून," सोमाजी म्हणाले. मग त्यांची नजर कॅरिअरवर गेली. "हे का बापा! मडगाड सायकलीवर बसून चालले, अन् सायकलीले मडगाड नाई!"

पलीकडे उतरलो आणि जंगल सुरू झालं. सागांना पांढरे तुरे आले होते, बांबूची बेटं पाण्यानं ओथंबलेली. मुरमाचा तांबडा रस्ता, कडक, सायकल पळवायला झकास. फक्त जागोजागी डबकी. एका फाट्यावर चहाला थांबलो. टपरीवरच्या बाईंनी कढईतून आलूबोंडे काढता काढता माझी पाठ पाहिली. "पाठीवर रांगोळी कोणं घातली गा?" मानेपासून कमरेपर्यंत लाल पट्टा उठला होता. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, काकांचं बोलणं वाईट होतं, पण या रस्त्यावर मडगार्ड मागणं काही वावगं नव्हतं. बोंडे गरम होते आणि मिरची जळजळीत. बाईंनी एक बोंडा फुकट दिला, "रांगोळीचा," म्हणाल्या.

दुपारी पोचलो. ताईच्या सासूबाईंनी पाणी दिलं आणि नातीबद्दल इतकं विचारलं की मला माझी भाची नीट पाहिली नसल्याची लाज वाटली. नाक कोणाचं, रंग कोणाचा, रडते का. भाऊजी ओट्यावर बसून ऐकत होते. काका पानाला चुना लावत होते.

मी पोतं सोडलं. भाऊजींनी मडगार्ड हातात घेतले, अंगठ्यानं धूळ पुसली. खालचा काळा तुकतुकीत रंग दिसला. काकांनी मान डोलावली. "उशिरा का होईना, शहाणपण आलं म्हणा." मला असा राग आला! पण बाबांचा हुकूम होता, बोलू नोको. मी पाना काढला आणि नट आवळत बसलो, जरा जास्तच आवळले.

भाऊजी शेजारी येऊन बसले, काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "मी येणारच होतो गा. पाह्य." सदऱ्याच्या खिशातून त्यांनी रुमालाची पुरचुंडी काढली. आत चांदीचे इवलेसे वाळे. "निरोप आला त्याच आठवड्यात घेतले. पण जाऊ कोणत्या तोंडानं? दोन वर्सं गेलो नाई अन् आता पोट्टी झाली तं हात हलवत जाऊ?" वाळे त्यांनी पुन्हा गुंडाळले. माणूस निघायला केव्हाचा तयार होता, त्याला फक्त निमित्त हवं होतं.

रात्री सासूबाईंनी सात्यांचा रस्सा केला. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या छत्र्या त्या. तांदळाच्या भाकरीबरोबर तो रस्सा ज्यानं खाल्ला नाही, त्यानं या भागात पुन्हा यावं, पावसाळ्यातच यावं.

दुसऱ्या दिवशी भाऊजी पांढरंशुभ्र धोतर, सदरा, टोपी घालून तयार. बारशाला बाप जातोय, थाट तर हवाच. रात्री पाऊस झाला होता, पण मुरमाचा रस्ता त्याला काय दाद देतो! डबक्यांतून भाऊजींची सायकल सपसप जायची आणि धोतरावर थेंब नाही. मी मागून पुन्हा रंगत होतो. "साळेबुवा," ते वळून ओरडले, "तुमच्या गावात सायकल चालवतेत का होळी खेळतेत?" मी दात ओठ खात पायडल मारत होतो. फाट्यावरच्या बाईंनी दोघांना पाहिलं आणि मला नुसतीच मान हलवून दाखवली.

नाव पार करून आमच्या काठाला लागलो आणि कन्हार सुरू झाली.

पन्नास पावलं गेलो नसू, भाऊजींचं मागचं चाक थांबलं. काडीनं माती काढली, पुन्हा दहा पावलं, पुन्हा थांबलं. मग पुढचंही. माझं चाकही जड झालं होतं, पण मातीचा गोळा आपोआप गळून पडत होता. भाऊजी काडी घालत राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. गाव अजून दोन कोस. पाळणा दिवेलागणीला. माझ्या जिभेवर हजारदा आलं, काढा हो ते मडगार्ड! पण बाबांनी तोंड शिवून पाठवलं होतं, आणि भाऊजींनाही ते काढवत नव्हते. ज्या गोष्टीसाठी दोन वर्षं रुसले, ती एका दिवसात कशी काढणार? त्यांनी काय करावं? सायकल सरळ खांद्यावर घेतली! पांढऱ्या सदऱ्यावर काळं चाक, टोपीवरून चिखल ओघळतोय, आणि महाशय चालले सासुरवाडीला.

समोरून बाजार करून येणारे एक म्हातारे सायकल ढकलत आले. थांबले. "काऊन भाऊ, नवरीले खांद्यावर घेऊन राह्यले का?"

"चाकं फसून राह्यले," भाऊजी धापा टाकत म्हणाले.

"फसनच ना. मडगाड लावून कोण येते इकडे? इथी तं नवी सायकल घेतली का पयले मडगाड काढतेत. पोरीच्या लग्नातली असली तरी काढूनच देतेत." आणि हसत पुढे गेले.

भाऊजींनी सायकल खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं.

"मंग मामाजीनं..."

"हाव," मी म्हणालो. मला आता राहवेना. "आणली त्याच दिवशी काढले. तुमच्यासाठीच. हे तेच मडगाड आहेत. दोन वर्सं माळ्यावर होते."

"सांगतलं काऊन नाई?"

"तुमच्या काकानं विकून खाल्ले म्हटलं चारचौघांत. मंग काय सांगन बाबा?"

भाऊजी बांधावर बसले. डोळे पुसायला गेले आणि हाताचा सगळा चिखल तोंडाला लागला. मग म्हणाले, "पाना आन." मीच कचकचून आवळलेले नट, त्यांनी दातओठ खात सोडवले. मडगार्ड माझ्या कॅरिअरवर बांधले आणि सायकलवर बसले. पुढचे दोन कोस मागचं चाक त्यांच्या पाठीवर काळा चिखल उडवत होतं आणि हा माणूस जोरजोरात पायडल मारत होता. मला गाठता येईना.

अंगणात पोचलो तेव्हा बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या. मायनं पाण्याचा गडवा आणला, जावयाकडे पाहिलं आणि "अगं माय!" म्हणून तिथेच उभी राहिली. डोळे सोडले तर पांढरं काही उरलंच नव्हतं. बाबा ओसरीवरून उतरले. त्यांनी आधी सायकल पाहिली, मागचं चाक, पुढचं चाक.

"काढले?"

"हाव मामाजी," भाऊजी म्हणाले. "तुमी बरोबरच देल्ली होती. मलेच समजलं नाई."

बाबांनी मायच्या हातातला गडवा घेतला आणि खाली बसून जावयाचे पाय धुवायला लागले. चिखल पुष्कळ होता. एक गडवा झाला, दुसरा झाला. तिसरा मी आणून दिला. ताई दारात उभी होती आणि कितीतरी दिवसांनी हसत होती.

मडगार्ड भाऊजी परत घेऊन गेले, मुरमाच्या रस्त्याला ते हवेतच. पण पुढे पावसाळ्यात ते आमच्याकडे आले की घाटावर मडगार्ड उतरवून सोमाजींच्या झोपडीला टांगून ठेवायचे आणि जाताना पुन्हा लावायचे. झोपडीवर मडगार्ड दिसले की गावात बातमी त्यांच्याआधी पोचायची, देवरावभाऊ सासुरवाडीला आले. बाबा मग घाटाच्या वाटेवर जाऊन उभे राहायचे. त्या चिखलाचे आमच्या घरावर फार उपकार आहेत. त्या फाट्यावरच्या बाईंचे, सोमाजींचे, आणि ज्यांचं नावही मी विचारलं नाही त्या बाजारवाल्या म्हाताऱ्यांचेही.

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण भाचीनं नवी सायकल घेतली आणि फोटो पाठवून विचारलं, "मामा, मडगार्ड लावू का?"

लाव बाई, रस्ता पाहून लाव. पाना मात्र जवळ ठेव. आणि तुला कोणी सांगितलं नसेल तर सांगतो: त्या संध्याकाळी पाय धुऊन झाल्यावर तुझ्या बापानं तुला उचललं, तेव्हा त्याच्या कानामागे राहिलेली कन्हार तुझ्या कपाळाला लागली. माझी माय पुसायला धावली, तर माझे बाबा म्हणाले, "राहू दे. आज हीच तीट."