उंदरणीच्या पापण्या

“रडून काय राहिली वं बाई, चाव ना त्याले!”

अकोल्याच्या टॉकीजमध्ये सिनेमाआधीच्या कार्टूनमधल्या उंदरणीवर माझी अक्का अशी ओरडली की मूर्तिजापूरला थांबलेली गाडी शिट्टी समजून सुटली.

आज नातीच्या टीव्हीवरची कार्टूनपोरगी राक्षसाला गरगर फिरवून फेकते. ती उंदरीण मात्र बोक्याच्या तावडीत रडत नुसत्या लांब पापण्या फडफडवत होती.

अक्काच्या शेजारीच तिची होणारी सासू बसलेली. आता सोयरीक मोडणार या धास्तीनं बाबांना एवढा घाम फुटला, की पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. बाहेर येताच बाबांनी हात जोडले. “पोरगी तोंडाची तिखट हाये, विहीणबाई.”

“रडणाऱ्या दोन सुना हायेत घरी,” त्या म्हणाल्या. “तारीख काढा.”