आईला सांगितलेला इंग्रजी पिक्चर

धाकटा भाऊ पहिल्या शिफ्टला म्हणून डबा घेऊन निघाला आणि परत आला नाही, त्याला आठ महिने झाले होते. तीन कंपन्यांनी त्याला काही महिने ठेवून, कायम करावं लागू नये म्हणून ब्रेक देऊन घरी बसवलं होतं. तिसऱ्या ब्रेकचं तो घरी बोललाच नाही. पंधरा दिवस नुसताच डबा नेत-आणत होता, हे आम्हाला मागाहून कळलं. वडील गेल्यावर शाळा सोडून तो हेल्पर म्हणून लागला, म्हणून मी बी.ए. होऊ शकलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तेही त्याच्या जिवावर. हे त्याला तोंडाने कधी सांगितलं नाही.

आई त्या आठ महिन्यांत उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. ऑफिसातल्या टाइमकीपरने मला सुचवलं, "देहूरोडला इंग्रजी पिक्चर लागलाय. फॅमिली पिक्चर आहे राव, ने आईला बिनधास्त. एक अस्वल आहे, पण तेसुद्धा सभ्य आहे."

रविवारी सकाळच्या खेळाला आम्ही गेलो. थिएटर छावणीतलं, त्यामुळे बहुतेक लष्करातली माणसं होती. पडद्यावर बर्फाचा डोंगर, लाकडाचं खोपटं, आणि शहर सोडून रानात राहायला आलेले आई-बाप नि त्यांची दोन मुलं. त्या बाईची चूल पेटत नव्हती.

"वली लाकडं घातल्यात, पेटंल कशी?" आई म्हणाली. आठ महिन्यांत तिने आपणहून काढलेला तो पहिला विषय. मग पडद्यावर कुणी बोललं की ती मला विचारू लागली, "काय म्हनतोय त्यो?"

खरं सांगायचं तर मला काहीच कळत नव्हतं. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी कळकळीने शिकवलं, त्यांचे उपकार आहेत, पण ते सगळं फळ्यावरचं इंग्रजी. कॉलेजात गाइडं पाठ केली. गोऱ्या माणसाच्या तोंडचं इंग्रजी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण पोरगं इंग्रजी शिकलंय, हे आईने गावभर सांगितलेलं. मी अंदाजाने सांगत गेलो. बाप म्हणतोय, लाकडं आण. आई म्हणतेय, लांब जाऊ नको. तेवढं जमत होतं.

मध्यंतरानंतर धाकटा मुलगा वादळात हरवला. टाइमकीपर याबद्दल काही बोलला नव्हता. आईने माझं मनगट घट्ट धरलं.

"आई, जाऊया का घरी?"

"थांब. घावतोय का न्हाई, बघू दे."

मुलगा सापडला. पडद्यावरच्या आईच्या कुशीत शिरून हुंदके देत तो बराच वेळ बोलत राहिला.

"काय म्हनला?"

एक शब्द कळला नव्हता. मी म्हणालो, "म्हणतोय, मला यायचंच होतं गं, पण वाट सापडली नाही."

दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन ती बाहेर पडली. भाऊ निघून गेल्यानंतर हमरस्त्यावरून गावात येणारी आमची पायवाट एका नव्या कंपनीच्या भिंतीखाली गेली होती. आता भिंतीला वळसा घालून यावं लागे.

"त्याला कुठं ठाव हाय ही भिंत?" ती म्हणाली.

तेव्हापासून पहिली शिफ्ट सुटल्याचा साडेतीनचा भोंगा झाला की ती भिंतीच्या कोपऱ्यावर उभी राहायची. शिफ्टची शेवटची सायकल गेली की घरी यायची. कामगार ओळखीचे झाले. "मावशी, तुमचं बी कार्ड पंच करा की!" म्हणून हसायचे. तीही हसायची. मी पोलीस चौक्या, दवाखाने, दूरचे नातेवाईक, सगळीकडे जाऊन आलो होतो. मी मनातून आशा सोडली होती. तिच्यापाशी माझं ते एक वाक्य होतं.

चार वर्षं गेली. एका उन्हाळ्यात ती त्या कोपऱ्यावर चक्कर येऊन पडली. कंपनीच्या वॉचमनने रिक्षात घालून आणली. त्यानंतरच्या आठवड्यात ती गुडघ्याला तेल चोळत बसली असताना मी धीर करून बोललो.

"आई, त्या पिक्चरमधलं मला काही कळलं नव्हतं. वाट सापडली नाही, हे मी मनाचं सांगितलं."

तिचा हात थांबला. ती शिव्या देईल, रडेल, असं मला वाटलं. तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग खरं काय म्हनला त्यो?"

"ठाऊक नाही."

"आरं, एवढा शिकलास न्हवं तू?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि विचारायला तिच्यापाशी दुसरं कुणी नव्हतं.

भोंगा झाला. ती भिंतीला धरून उठली आणि पायाने चपला चाचपू लागली. मी त्या सरळ करून तिच्यापुढे ठेवल्या.