काचेतलं स्थिर पाणी

धुलाईघरात त्याला सगळे वाफोबा म्हणत. हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या त्या कारखान्याचा बॉयलर तो बावीस वर्षं सांभाळत होता, आणि भिंतीपलीकडे इस्त्रीखात्यात त्याची बायको त्याच वाफेवर चादरी कडक करत होती. घरी तिचा पारा आणि कामावर बॉयलरचा, दोन्हींवर नजर ठेवण्यात बिचाऱ्याचा जन्म चालला, असं लोक हसून म्हणत. माणूस मात्र नाकासमोर चालणारा.

अशा माणसाच्या मागे पन्नाशीत ‘मी कोण’ हा प्रश्न लागला, तो वडील गेले तेव्हा. देह समोर होता, नाक-डोळे जागच्या जागी, आणि वडील नव्हते. मग ते होते तरी कोण, या विचाराने त्याची झोप उडाली. शेजारच्या निवृत्त ग्रंथपालबाई दर रविवारी पाच-सात जणांना समोर बसवून हाच शोध घ्यायला लावत. उपदेश नाही, नुसते प्रश्न. मी बॉयलरवाला, असं त्याने सांगितलं. नोकरी सुटली तर कोण उराल, असं बाईंनी विचारलं. मग नवरा, बाप, हा देह, हे मन, अशी एकेक उत्तरं त्याने दिली आणि बाईंनी खोडली. हे सगळं ज्याला दिसतं त्याच्याकडे बघा, एवढंच त्या म्हणाल्या.

वाफोबाने ते फारच मनावर घेतलं. बाईंनी शोध घरी बसून घ्यायला सांगितला होता. याने तो बॉयलरसमोर सुरू केला. बॉयलरला पाण्याची काच असते, आतलं पाणी किती ते दाखवणारी उभी नळी. ती बघून पंप चालवायचा. काच तुंबली तर खोटं दाखवते, म्हणून दर तासाला तिचा खालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, ते पुन्हा भरतं का बघायचं आणि तक्त्यावर खूण करायची. त्या मंगळवारी दहाच्या ठोक्याला तो शोधात इतका रमला होता की त्याने खूण केली, कॉक उघडलाच नाही. अकरालाही तेच.

काचेत पाणी निम्म्यावर, अगदी शांत होतं. बघणारा कोण, असं स्वतःला विचारत तो त्याच्याकडे टक लावून बसला. मनही तसंच निवळलं. इतकं समाधान त्याला जन्मात मिळालं नव्हतं. आणि त्या समाधानातच त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. पेटत्या बॉयलरच्या काचेतलं पाणी कधी शांत नसतं. ते सतत थरथरतं.

त्याने कॉक उघडला. काच रिकामी झाली आणि भरलीच नाही. नुसती वाफ फुसफुसली. म्हणजे काच तुंबली होती, आणि आतलं पाणी बहुधा तिच्याही खाली गेलं होतं. किती खाली, देव जाणे. त्याचा हात पंपाच्या बटणावर गेला. तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं असतं तर बॉयलर भिंतीसकट उडाला असता, आणि भिंतीपलीकडे ती होती. त्याने हात ओढून घेतला, बर्नर बंद केला आणि धावला.

"सगळे बाहेर. आत्ताच्या आत्ता."

"अहो, एवढी घडी तरी होऊ द्या," बायको म्हणाली. त्याने तिचं मनगट धरून ओढलं. आवारात अकरा माणसं दीड तास धुराड्याकडे बघत उभी राहिली. बॉयलर निवला, फुटला नाही.

दुपारी इंजिनिअरने काचेच्या वाटेतून बोटभर गाळ काढला. गाळ काय, कुठेही साचतो, असं म्हणून त्याने विषय मिटवायची तयारी दाखवली. तक्त्यावर खुणा तर होत्याच. वाफोबाने त्या खोट्या असल्याचं लिहून दिलं. त्याला कामावरून बाजूला केलं, लायसन्सचा निर्णय वर गेला.

रविवारी मंडळींनी त्याची समजूत काढली: चुकला तो देह, चुकलं ते मन, तुम्ही नुसते साक्षी. उचलली जीभ लावली टाळ्याला. वाफोबाला संताप आला, आणि लाजही वाटली, कारण हेच वाक्य इंजिनिअरसमोर त्याच्याही मनात येऊन गेलं होतं.

बाईंनी नेहमीसारखं विचारलं, "तुम्ही कोण?"

"ज्याने खोट्या खुणा केल्या, तो मी," वाफोबा म्हणाला. "बाई, हे उत्तर खोडू नका."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.