पिंपळगावचं चायनीज, आमच्या इमारतीसाठी

फ्राइड राइस खायला मी पिंपळगाव बसवंतला जाईन, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला डॉक्टरकडे पाठवलं असतं. पण नाशकात इंदिरानगरच्या आमच्या इमारतीत सुलभाचा गाळा बंद पडून आहे आणि त्याच्या डोक्यावर माझं स्वयंपाकघर आहे. पिंपळगावचा एक चायनीजवाला तो भाड्याने मागतोय. सोसायटी म्हणते, वरच्या घराची सही आणा. सुलभाचा नवरा गेल्यापासून तिचं घर त्या भाड्यावरच चालायचं. "आधी त्याचं तिथलं हॉटेल बघ, मग नाही म्हण," ती म्हणाली. जुनी मैत्रीण. कंबर दुखत असताना तिच्याबरोबर निघाले.

निमाणी स्टँडवरून एसटी मिळते, बायकांना अर्धं तिकीट. पाऊण तास लागतो म्हणतात, तुम्ही सव्वा धरा. ओझरनंतर बस कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रांगत होती. स्टँडवर रिक्षा करू नका, हॉटेल चालत पाच मिनिटांवर आहे. हे रिक्षावाल्याने पैसे घेतल्यावर सांगितलं.

दारात लाल कंदील, गल्ल्यावर गणपती. मी मंचुरियन कधीच मागवत नाही, त्या सॉसखाली सगळी पापं लपतात. परीक्षा साध्या व्हेज फ्राइड राइसची आणि टेबलावरच्या व्हिनेगरमधल्या मिरच्यांची. मिरच्या त्याच दिवशी चिरलेल्या होत्या. मला वाईटच वाटलं, कारण मी नाही म्हणायच्या तयारीने आले होते.

शेजारच्या टेबलावर दोन व्यापारी होते.

"अण्णा, नूडल्समधी कांदा कमी टाकाय सांगू का?"

"टाकूच नको म्हना. सकाळपासून तेच बघतोय."

भात आला. दाणा मोकळा, कोबी कुरकुरीत, तेल ताटलीला चिकटलेलं नाही. नाशकात इतका बरा मी खाल्लेला नाही. तुम्ही जरूर जा, दोघींना एक प्लेट पुरते.

मग मी मागच्या बाजूला गेले. धुराड्याचा पाइप पहिल्या मजल्याच्या गॅलरीशी संपत होता. तिथे एक बाई मेथी निवडत बसली होती.

"ताई, वास येतो का हो वर?"

"नाय ओ. पहिलं पहिलं लय यायचा. आता पाव्हणे आले की तेच म्हनतात, येतो म्हनून."

"बघ, सवय होते," सुलभा खूश झाली.

मला त्या सवयीचीच धास्ती बसली.

परतीच्या बसमध्ये सुलभाने विषय काढलाच. "माझ्या वाटचाही भात खाल्लास तू."

"चांगला होता. म्हणूनच रोज गर्दी होणार."

"वाईट असता तर सही केली असतीस?"

"तरी नसती केली."

"मग मला एवढी वणवण कशाला करायला लावलीस?"

"तूच आणलंस मला."



घरी येऊन मी सोसायटीला लिहून दिलं: धुराडं गच्चीपर्यंत न्या, लगेच सही करते. मागणी रास्त आहे, आजही तेच म्हणेन. चायनीजवाला म्हणाला, एवढा खर्च परवडत नाही, आणि त्याने सिडकोत दुसरा गाळा घेतला.

आमचा गाळा बंदच आहे. सुलभा रोज चारला माझ्याकडे चहाला यायची, ती आता जिन्यात भेटली तर कशी आहेस एवढंच विचारते. माझ्या स्वयंपाकघरात सॉसचा वास नाही, धूर नाही. चारला मी एक कप चहा टाकते.