नत्थूभाऊंची पांढरी चार

नाटकाच्या दिवशी दुपारी नत्थूभाऊंनी पिशवीतून इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, माझ्या ऑर्गनवर ठेवला आणि म्हणाले, "मास्तर, हे मशीन बिगडली. पोरानं नागपूरहून आणली. जरा पाहून द्या."

"काय झालं तिले?"

"पांढरी चार लावली का लय उंच बोलते. माहा आवाजच पोचत नाही. तुमच्या पेटीवर तं बरोबर पोचते."

शेजारी दशरथ तबला लावत होता, त्याची हातोडी थांबली. मशीन ठणठणीत होतं, आणि ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

मी अडतीस वर्षं पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या नाटकांना संगीत देतोय. 'संगीत दिग्दर्शक' हे पोस्टरवर छापायला. गावात ऑर्गनलाही पेटीच म्हणतात, म्हणून मी पेटीमास्तर. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. लाखनीजवळच्या या गावात पुरुषांच्या भूमिका गावातलेच शेतकरी करतात, नट्या वडशाच्या कंपनीतून येतात. पडदा उघडण्याआधीची नांदी मात्र नत्थूभाऊंची. चाळीस वर्षांत ती दुसऱ्या कोणी म्हटलेली नाही.

आता पांढरी चार ही पट्टी म्हणजे काय ते सांगतो. गाणाऱ्याचा 'सा' पेटीच्या ज्या पट्टीवर धरायचा, ती त्याची पट्टी. बहुतेक पुरुष काळी एकच्या आसपास गातात. पांढरी चार त्याहून चार घरं वर. तिथे गाणारा माणूस तालुक्यात एकच होता. धानाच्या बांधीत चिखलणी करताना नत्थूभाऊ गायला लागले की पलीकडच्या तलावावरच्या बाया कपडे धुणं थांबवायच्या. तो आवाज मी ऐकलाय. आजही आठवला की जीव हलतो.

त्या दिवसाच्या अकरा वर्षं आधी तालमीत त्यांचा वरचा स्वर फाटला. नाटकाच्या दिवशी मी न सांगता एक घर खाली वाजवलं, दशरथनेही तबला खाली उतरवला. आमच्याकडे वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसतात, त्यामुळे वरच्याला आमची बोटं दिसत नाहीत. नांदी रंगली. नत्थूभाऊ खाली वाकून म्हणाले, "पायलं मास्तर? अजून पांढरी चार."

तिथेच मी फसलो. दुसऱ्या वर्षी खरं सांगायचं ठरवलं आणि जीभ रेटली नाही. असं करत करत चार घरं उतरून आम्ही काळी एकवर आलो. गावाला पत्ता नाही, त्यांनाही नाही. त्यांच्या घरच्यांनी हौसेनं दिलेल्या मशीनने मला पकडलं.

दशरथ हळूच म्हणाला, "मशीन खराब आहे म्हणून टाका ना."

सोपं होतं. पण म्हातारा ते मशीन घेऊन दुकानदाराशी भांडायला नागपूरला गेला असता.

"मशीन बरोबर आहे, नत्थूभाऊ," मी म्हणालो. "माही पेटी खोटं बोलून राहिली. तुमी काळी एकवर गाता."

ते रंगमंचाच्या कडेला बसले.

"कवापासून?"

"खाली आणून अकरा वरीस झाले."

"कंपनीच्या मालकानं मले शाल दिली, तवा?"

"काळी दोन होती."

त्यांचा हात खांद्यावर गेला. "दोघायनं मिळून मले बुढा ठरवलं, अन् मलेच सांगितलं नाही. काहून?"

"तुमाले वाईट वाटन म्हणून."

"आता चांगलं वाटून राहिलं का?"

मशीन उचललं आणि ते घरी निघून गेले. मंडळाचे सेक्रेटरी धावत आले. "मास्तर, नांदी कोण म्हणन? दुसऱ्याचं नाव लावू का?"

"थांबा," म्हणालो आणि पायात चप्पल सरकवली. नांदी बुडाली असती तरी नाटक झालं असतं. पण या माणसानं पुन्हा तोंड उघडलं नसतं, आणि ते पाप माझ्या माथी आलं असतं.

नत्थूभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. मशीन चालू होतं. एकेक घर खाली आणत ते 'सा' लावत होते. मी आलेलो त्यांना दिसलो, तरी थांबले नाहीत.

"काळी एकबी नाही, मास्तर," शेवटी म्हणाले. "तिथंबी मी ताणतच होतो. हे पाहा, इथं जमते."

मशीनवर खालची पांढरी सात होती. काळी एकच्याही दोन घरं खाली.

"इतक्या खाली नांदी उठन का?"

"नाही उठली तं माही नाही उठली. तुमी कायले घाबरता?"

दशरथने भजन मंडळाकडून खालच्या स्वराला लागणारा रुंद तोंडाचा तबला मागून आणला. पडदा उघडण्याआधी नत्थूभाऊ पुढे आले आणि गायले. मानेच्या शिरा फुगल्या नाहीत. शेवटची ओळ मी दरवर्षी ऑर्गनच्या भरावाने झाकायचो. या वेळी हात आखडता घेतला. त्यांनी ती एकट्यानं पेलली. पांढरी चारचा तो आवाज नव्हता, पण माणूस तोच होता. माझे डोळे भरून आले. टाळ्या दरवर्षीइतक्याच पडल्या. मागून कोणी म्हणालं, "यंदा बुढा सुखानं गायला."

पहिल्या अंकानंतर ते खड्ड्यापाशी आले. आता त्यांना सगळ्याचाच संशय यायला लागला होता.

"मास्तर, पहिले नांदी पळत होती. आता अशी रमतगमत काहून चालते? हे तं माह्या आवाजानं नाही झालं."

मी दशरथकडे पाहिलं. तो तबल्यावरची पावडर पुसू लागला.

"दशरथ?"

"तीन वरीस झाले, मास्तर. तुमची करंगळी आखडते, म्हणून मी ठेका जरा हळू धरतो."

नत्थूभाऊ पोट धरून हसले. मला राग आला नाही. लाज वाटली, कारण करंगळीचं मी स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

आता तालमीच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघं चहा घेतो आणि कोणाचं काय उतरलं ते बोलून टाकतो. मग पट्टी ठरते, लय ठरते. यंदा दशरथला डाव्या कानानं ऐकू येत नाही, असं त्यानं स्वतःहून सांगितलं. मी त्याला माझ्या डाव्या हाताला बसवतो, म्हणजे त्याचा उजवा कान माझ्याकडे राहतो.