मंजुळेनं छप्पर उचललं

मंजुळा मूळची कोपरची, डोंबिवलीच्या खाडीकाठची. तिच्या माहेरी चूल मागच्या पडवीत, दोन्ही बाजूंनी उघड्यावर. खाडीवरून वारा यायचा आणि जाताना धूर घेऊन जायचा. धूर डोळ्यांत कसा चरचरतो ते तिला कळलं लग्न होऊन ठाण्याला, चेंदणीच्या कोळीवाड्यात आल्यावर. आगगाडी ठाण्याच्या पुढं कल्याणपर्यंत धावायला लागून तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली असतील.

सासरी माणसं मोजकीच. नवरा चंदू होडीवर जाणारा, सासरा दामाजी लग्नाआधीच वारलेला, आणि सासू मनुबाई. घराच्या मागं स्वैपाकघर होतं. कुडाच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, तेही इतकं खाली की चंदूला आत वाकूनच शिरावं लागे. खिडकी नव्हती. वासे काजळीनं असे माखलेले, की हात लागला तर दोनदा धुवावा लागायचा. मनुबाईचा सगळा संसार त्या अंधारात रांधण्यात गेला होता. तिच्या डोळ्यांवर आता साय धरली होती. माणूस समोर उभं राहिलं तर सावलीसारखं दिसे, एवढंच. तरी स्वैपाक तिचाच. मिठाचं मडकं डाव्या हाताला, त्यामागं आमसुलं, विळी भिंतीशी. हात टाकला की वस्तू हातात. मंजुळा कल्याणच्या बाजारात सुके बोंबील विकून परत येई तेव्हा भात आणि कालवण तयार असायचं.

मंजुळेला सगुणा झाली आणि पोर दर हिवाळ्यात खोकू लागली. टेंभीवरच्या वैद्यांनी चाटण दिलं आणि म्हणाले, "औषध लागू पडेल, पण पोर धुरात ठेवू नका."

दोन खणांचं घर. धुरापासून पोर ठेवायची कुठं? मंजुळेनं चंदूजवळ गोष्ट काढली, "मागचं छप्पर वर उचलूया."

"यंदा जाळं घ्यायचं हाय," चंदू म्हणाला.

"जाळ्याचे पैसे राहू दे. माझ्या बोंबलांचे हायेत, त्यात जेवढं व्हईल तेवढं."

तेवढ्यात फार काही होण्यासारखं नव्हतं. तिनं पायसला बोलावलं. पायस त्याच वाड्यातला, ख्रिस्ती कोळी, होड्या दुरुस्त करणारा सुतार. त्याची बायको क्लारा मंजुळेबरोबर बाजाराला जायची. पायसनं आत डोकावून वर पाहिलं, खोकला आणि बाहेर आला.

"छप्पर हातभर वर घेऊ," तो म्हणाला. "आणि आढ्यावर दुसरं बारीक छप्पर बसवू, मधी फट ठेवून. धूर तिथनं जाईल, पाऊस येणार नाय. पण झावळ्या नको. ठिणगी उडाली तर वाडा जळेल."

"कौलं कुठनं आणू?"

"मिठाची वखार पाडतायत खाडीवर. जुनी कौलं पडून हायेत."

कौलं अर्धी फुटकीच निघाली. मंजुळा आणि क्लारा उन्हं उतरल्यावर जात, धड तेवढी निवडत आणि डोक्यावरून आणत. खांबांना एका मोडक्या मचव्याची लाकडं मिळाली. कूड नव्या कारवीचा घातला, तो मंजुळेनं स्वतःच लिंपला. पूर्वेच्या अंगाला, आढ्यातल्या फटीच्या खाली, पायसनं खिडकी काढली. गज परवडले नाहीत, म्हणून बांबूच्या कामट्या ठोकल्या. धूर नीट वर जावा म्हणून चूल जुन्या कोपऱ्यातून काढून खिडकीखाली घ्यायची ठरली. काम चाललं तोवर रांधणं अंगणात, आणि मनुबाई क्लाराच्या ओट्यावर बसून. कोणी तिला काही विचारलं नाही.

पावसाळ्याआधी काम उरकलं. आत उजेड आला, चंदू ताठ उभा राहिला. मंजुळेनं घाईघाईत चूल घातली, नवी फळी ठोकून घेतली, तिच्यावर मडकी मांडली, चुलीवर टोप चढवला आणि सासूला हाताला धरून आत आणलं.

दारात मनुबाईनं हात सोडवून घेतला. सवयीनं डावीकडं वळली, बसली आणि चुलीकडं हात नेला. तिथं भिंत होती. मीठ चाचपलं, मीठ नव्हतं. मग गुडघ्यांवर सरकत खिडकीकडं आली, आणि तिचा तळहात तापल्या टोपाला टेकला. मंजुळेनं धावत जाऊन तिचा हात पाण्यात घातला. "मंजुळा," मनुबाई म्हणाली, "आता तूच रांध."

त्या दिवसापासून ती पुढच्या ओटीवर बसू लागली. वाढलं ते जेवायची, नावं ठेवायची नाही. आणि नावं ठेवत नाही याचीच मंजुळेला भीती वाटायला लागली. एकदा बाजाराच्या वाटेवर क्लारा म्हणाली, "तुजी सासू काल काय बोलली, सांगू? म्हणते, घर चांगलं झालं गो, पण मी त्यात पावनी झाली."

मंजुळेला राग आला. कोणासाठी डोक्यावर कौलं वाहिली? घरी येऊन तिनं तो चंदूवर काढला. "धूर खात बसणं बरं व्हतं काय तेंना?"

चंदू जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "तिला इचारलंस काय, चूल कुठं घालू म्हणून?"

नव्हतं विचारलं. विचारायचं मनातच आलं नव्हतं. त्यात ती नवी चूलही धड जळत नव्हती. तोंड अरुंद झालं होतं, लाकडं नुसती फुसफुसायची. आणि क्लाराकडची चूल कशी भडभड पेटते! "ती तुज्या सासूनंच घातलेली," क्लारा म्हणाली. "अर्ध्या वाड्याच्या चुली तिच्या हातच्या. तुला ठावं नाय?"

दुसऱ्या दिवशी मंजुळेनं नवी चूल कोयत्यानं फोडली. खाडीकडून माती आणली, भाताचं तूस आणलं आणि ओटीवर सासूपुढं टोपली ठेवली.

"आई, चूल जळत नाय. तुमी घालून द्या."

"मना दिसत नाय."

"मना तरी कुठं येतं?"

मनुबाईनं मातीत बोटं खुपसली. "खडे किती हायेत हिच्यात! चाळलीस काय?"

माती परत चाळावी लागली. मनुबाईनं ती मळली आणि आत येऊन दाराच्या खांबापासून भिंतीनं वीत टाकत टाकत गेली. खिडकीशी थांबली, कामट्यांतून हात बाहेर काढून पाहिला. "हितं पाण्याची झड येईल. चूल अलीकडं घालू." बघायला आलेला पायस म्हणाला, फटीखालीच पाहिजे, नाहीतर उपयोग काय? दोघांचं बरंच वाजलं. शेवटी मनुबाईनं चूल हातभर अलीकडं घातली. मग फळी खाली घ्यायला लागली, कारण मनुबाईला बसल्या जागी मीठ हवं. पायसनं कुरकुरत फळी काढून पुन्हा ठोकली. मनुबाईला खिडकीही बुजवायची होती. तिथं मात्र मंजुळा हटली नाही. "खिडकी ऱ्हाईल," ती म्हणाली, आणि राहिली.

सुरुवातीला मडकी सांडली. एकदा कालवणात मीठ दोनदा पडलं, ते सगळ्यांनी निमूट खाल्लं. हळूहळू मनुबाईचे हात नव्या जागांना सरावले. डोळ्यांवरची साय काही गेली नाही, पण डोळ्यांतून सतत गळणारं पाणी थांबलं. सगुणा त्या हिवाळ्यात खोकली, पण आधीसारखी रात्र रात्र नाही. पावसात उलटा वारा सुटला की फटीतून पाणी येई. मग पायसनं तिथं सरकती फळी बसवली. ती लावली की तेवढे दिवस पुन्हा धूर, आणि मनुबाईची बोलणी खायला लागत.

पुढच्या उन्हाळ्यात क्लारानं हट्ट धरून पायसकडून स्वतःचं छप्पर उचलून घेतलं. कौलं वाहायला मंजुळा होतीच. चूल घालायला मनुबाईला नेलं. ती क्लाराच्या रिकाम्या स्वैपाकघरात मधोमध फतकल मारून बसली, माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "ही माती नाय गो, पीठ हाय. मंजुळा, जा, दुसरी आण."

मंजुळा टोपली घेऊन खाडीकडं निघाली.