देवळालीचे स्पीकर

काल जुन्या स्पीकरच्या दुकानात पॉलिश केलेल्या सागवानाचा वास आला आणि मला देवळाली कॅम्पातला तो बंगला आठवला.

बदली झालेले एक मेजरसाहेब आपले मोठे स्पीकर विकत होते. मी तेव्हा कॉलेजात होते. आईला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, तरी बाबांनी तिला सोबत आणलं, याचं मला नवल वाटलं.

साहेबांनी तबल्याची रेकॉर्ड लावली. बाबांनी आईचा तळहात अलगद स्पीकरच्या कापडावर टेकवला. ती आधी गोंधळली. मग तिची बोटं ठेका धरू लागली.

"अहो, तबला वाजतोय!" आई ओरडलीच.

"हेच घेऊ," बाबा म्हणाले.

बाबांना संगीताचं वेड आहे, एवढंच मी तेव्हा समजत होते. परतताना टेम्पोत आई दोन्ही स्पीकरच्या मधे बसून नाशिक रोडपर्यंत हसत होती.